गर्भ टिकायच्या गोळ्या पहिल्यांदाच चिठ्ठीवर आल्यात? आधी हे वाचा

दुसऱ्या गरोदरपणात सातव्या आठवड्यात मला रक्ताचा डाग दिसला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, बाथरूमचा दिवा लावून मी नुसती उभी होते, आणि सासूबाई उठून आल्या, "काय करलालीस गं इतक्या रात्री", आणि मला शब्द फुटेना. सकाळी दवाखाना गाठला, पाच मिनिटांत चिठ्ठी हातात, त्यावर गोळ्या, खालून (योनीमार्गात) ठेवायच्या कॅप्सूल, एक इंजेक्शन, आणि "टिकायचं औषध दिलंय, आराम करा". कशासाठी, किती दिवस, यानं नक्की काय होणार, कुणी सांगितलं नाही आणि घाबरल्यामुळं मी पण विचारलं नाही. ते बाळ राहिलं नाही. पुढं कितीतरी महिने मला वाटत होतं की एका रात्री कॅप्सूल ठेवायची विसरले म्हणून गेलं. तसं नव्हतं. पण तसं नव्हतं हे कळायला मला दोन वर्षं लागली, तेवढी तुम्हाला लागू नयेत म्हणून लिहायला बसलेय.

मी डॉक्टर नाही. डोस मी सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण कुठल्या टप्प्याला काय बघायचं आणि काय विचारायचं हे मात्र सांगू शकते.

पहिलं, ही गोळी करते काय

टिकायची गोळी म्हणजे बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉन. हे हार्मोन आपल्या अंगात बनतंच. बीज बाहेर पडलं की अंडाशयात जी जागा उरते तिथं एक पिवळसर गाठ तयार होते, कॉर्पस ल्युटियम म्हणतात तिला, ती हे हार्मोन सोडते आणि त्यानं गर्भाशयाचं अस्तर गर्भाला धरून ठेवायला तयार राहतं. साधारण सातव्या ते दहाव्या आठवड्यात हे काम वार म्हणजे प्लॅसेंटा हातात घेते. आर्पाद चापो नावाच्या संशोधकानं १९७० च्या दशकात दाखवून दिलं की सातव्या आठवड्याच्या आधी ती गाठ काढली तर गर्भ पडतो, आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकतो. म्हणजे हार्मोन लागतं यात वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की जिच्या अंगात ते पुरेसं बनतंय तिला वरून अजून देऊन फायदा होतो का.

आणि इथंच आपली सगळ्यांची गल्लत होते. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण आठात एक पडतं, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक झालेली असते. आपल्या सोलापूरकडं मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या माणसाला हे सांगायला सोपंय, दाण्यातच काही राहून गेलं असेल तर रान कितीही चांगलं असू दे आणि पाणी कितीही द्या, ते उगवून वर येत नाही. त्यात रानाचाही दोष नाही आणि पेरणाऱ्याचाही नाही. अशा वेळी गोळी काही करू शकत नाही, आणि तुम्ही जिना चढलात, पपई खाल्ली, सासरच्या लग्नात नाचलात, याचाही काही संबंध नाही.

अजून एक. रक्तात प्रोजेस्टेरॉन कमी आलं म्हणून गर्भ जातोय असं सांगितलं जातं, पण बऱ्याचदा गर्भ आधीच थांबलेला असतो म्हणून पातळी कमी आलेली असते. शिवाय ही पातळी दिवसभरात वरखाली होत राहते. त्यामुळं एका रिपोर्टवरून रडत बसू नका.

गोळीच्या आधी सोनोग्राफी

डाग दिसला की पहिलं काम गर्भ गर्भाशयातच आहे का हे बघणं. नळीत राहिलेला गर्भ असेल आणि आपण घरी टिकायच्या गोळ्या घेत बसलो तर जिवावर बेततं. म्हणून मेडिकलमधून फोनवर विचारून किंवा जावेच्या उरलेल्या स्ट्रीपमधल्या गोळ्या कृपा करून घेऊ नका.

सोनोग्राफीला जाताना ओळखपत्र न्या, गरोदर बाईच्या सोनोग्राफीत कायद्यानं एक फॉर्म भरावाच लागतो. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्या, त्या टेबलावर झोपल्यावर काहीच आठवत नाही. पाळी लांबत असेल तर ते पण आवर्जून सांगा, कारण तारखेनं सात आठवडे झालेले असतात आणि प्रत्यक्षात गर्भ साडेपाचचाच असतो, मग "ठोके नाहीत" हे दोन शब्द ऐकून घरात रडारड.

हे नीट लक्षात ठेवा. गर्भाची पिशवी साधारण पाचव्या आठवड्यात दिसते, ठोके सहाव्याच्या आसपास. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवी सरासरी २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तरच वाढ थांबली असं नक्की म्हणायचं. आकडे त्याहून कमी असतील तर ७ ते १४ दिवसांनी परत बघायचं. रिपोर्टवर हे आकडे लिहिलेले असतात, स्वतः बघा. कुणी पहिल्याच सोनोग्राफीत घाईनं क्युरेटिन, म्हणजे गर्भाशय साफ करायला, सांगितलं आणि आकडे लहान असतील तर "आठवड्यानं परत बघूया का" हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. तो आठवडा काढणं फार अवघड असतं, मी काढलाय, पण काढावा.

ब्लड ग्रुप तेव्हाच तपासून घ्या. निगेटिव्ह असाल तर अँटी-डी इंजेक्शनचं (आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडीज होऊ नयेत म्हणून देतात ते) विचारायचं, विसरायचं नाही.

तुम्ही यातल्या कोण

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण एकच गोळी तीन वेगळ्या बायकांना वेगळी लागू पडते.

काहीच त्रास नाही, डाग नाही, आधी कधी गेलेलं नाही, नुसते दिवस राहिलेत, तर ही गोळी लागते असं दाखवणारा पुरावा नाही. "सपोर्टसाठी असू दे" म्हणून दिली असेल तर नम्रपणे विचारा की मला कशासाठी. विचारल्यावर रागवणारे डॉक्टर कमी असतात, आपणच घाबरतो.

डाग नाही पण आधी तीन किंवा जास्त वेळा कारण न सापडता गेलंय, अशा ८३६ बायकांवर प्रॉमिस नावाचा अभ्यास झाला, २०१५ ला छापून आला. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली खोटी कॅप्सूल. बाळ हातात आलं ते ६५.८ टक्के विरुद्ध ६३.३ टक्के, म्हणजे फरक आहे असं म्हणता येईना. पण त्यातली दुसरी बाजू मला फार धीर देऊन गेली, खोटी कॅप्सूल घेणाऱ्या, तीन तीन वेळा सोसलेल्या बायकांपैकीही शंभरात त्रेसष्ट जणींच्या घरी बाळ आलं.

आणि तिसरी, आत्ता डाग दिसतोय आणि आधी पण गेलंय. इथं गोळीची खरी जागा आहे. ब्रिटनमधल्या ४८ हॉस्पिटलांत डाग दिसणाऱ्या ४,१५३ बायकांवर (आधी गेलेल्या आणि न गेलेल्या दोन्ही) प्रिझम अभ्यास झाला, २०१९ चा. सगळ्या मिळून बघितल्या तर बाळ हातात आलं ते प्रोजेस्टेरॉनवाल्यांत ७५ आणि खोट्या कॅप्सूलवाल्यांत ७२ टक्के, फरक थोडका. पण ज्यांचं आधी तीन किंवा जास्त वेळा गेलं होतं त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७. हे बघून तिथल्या नाइस संस्थेनं, जी डॉक्टरांसाठी उपचारांचे सल्ले ठरवते, नोव्हेंबर २०२१ मध्ये सल्ला बदलला: सुरुवातीच्या महिन्यांत रक्त जातंय, गर्भ गर्भाशयात असल्याचं बघितलंय आणि आधी निदान एकदा गर्भपात झालाय, अशीला खालून ठेवायचं प्रोजेस्टेरॉन द्यावं, आणि ठोके दिसले तर १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावं.

टेस्ट ट्यूबवाल्या मैत्रिणींचं गणित वेगळंच आहे. गोठवलेला गर्भ हार्मोनच्या गोळ्यांवर अस्तर तयार करून सोडला असेल तर तुमच्या अंगात ती पिवळी गाठच नसते, सगळा भार बाहेरच्या औषधावर. तुम्ही एकही डोस स्वतःच्या मनानं कमी करायचा नाही, वरचं काही वाचून तर अजिबातच नाही. आणि चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड आखूड, २५ मिलिमीटर किंवा कमी निघालं तर प्रोजेस्टेरॉन दिलं जातं ते अवेळी बाळंतपण टाळायला, ते पण वेगळं कारण.

चिठ्ठीवर काय काय असतं

डायड्रोजेस्टेरॉन, म्हणजे डुफास्टन नावानं बहुतेकींना माहिती असलेली १० मिलिग्रॅमची पांढरी गोळी, तोंडानं घ्यायची, हिनं गुंगी कमी येते. दुसरं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन, सस्टेन वगैरे, मऊ कॅप्सूल, तोंडानं किंवा खालून. तोंडानं घेतली तर गुंगी येते, चक्कर येते, म्हणून रात्री झोपताना घ्यायला सांगतात. ही घेऊन दुपारी गाडी चालवू नका, सात रस्त्याला सिग्नलवर डोळ्यापुढं अंधारी आलेली मी स्वतः अनुभवलीय. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. सोलापुरात शेंगा चटणीशिवाय जेवण होत नाही त्यामुळं आपल्याला हसू येईल, पण कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

खालून ठेवायची पहिल्यांदा सगळ्यांनाच लाज वाटते, भीती वाटते, बाळाला लागेल का. नाही लागत, गर्भाशयाचं तोंड बंद असतं. हात साबणानं धुवायचे, नखं कापलेली, उताणं झोपून पाय दुमडायचे, बोटानं जेवढी सहज आत जाईल तेवढी ढकलायची आणि वीसेक मिनिटं पडून राहायचं. नंतर पांढरं चिकट बाहेर येतं, ते औषधाचं वरचं आवरण असतं, औषध सगळं सांडलं असं समजून दुसरी ठेवू नका. पॅड वापरा, टॅम्पॉन नको. रक्त जात असलं तरी ठेवायची, पण खूपच जात असेल तर तोंडानं घेऊ का हे फोन करून विचारा. पोट फुगणं, बद्धकोष्ठता, छाती दुखणं हे होतं, त्यानं घाबरायचं नाही.

एक डोस विसरला तर? आठवला की घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्या, दोन एकदम नको. (टेस्ट ट्यूबवाल्यांनी मात्र लगेच फोन करायचा.) एक चुकलेला डोस गर्भ पाडत नाही. हे वाक्य मी स्वतःसाठी पण लिहितेय.

इंजेक्शनचं जरा सविस्तर. एचसीजीचं, म्हणजे घरची पट्टी जे गरोदरपणाचं हार्मोन ओळखते त्याचं, घेतलं असेल तर नंतर काही दिवस घरच्या पट्टीवर दोन रेघा त्या इंजेक्शननंच येऊ शकतात, म्हणून पट्ट्या करत बसू नका. दुसरं, आठवड्याला एक असं हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचं तेलकट इंजेक्शन, कमरेला देतात, दोन दिवस बसवत नाही. हे अवेळी बाळंतपण टाळण्यासाठी अमेरिकेत २०११ ला मंजूर झालं होतं, पुढच्या मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही म्हणून एप्रिल २०२३ मध्ये तिथं मंजुरी काढून घेतली, २०२४ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनंही थांबवायला सांगितलं. तुम्हाला दिलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका, फक्त पुढचं घ्यायच्या आधी "याऐवजी कॅप्सूल चालेल का" एवढं विचारा.

हार्मोन म्हणजे निरुपद्रवी असं धरून चालू नये याला एक जुनं दुःखद उदाहरण आहे. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन हार्मोन १९४० पासून १९७१ पर्यंत अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना गर्भ टिकायला म्हणून दिलं. १९५३ मध्येच शिकागोच्या अभ्यासात दिसलं होतं की त्याचा उपयोग नाही, तरी देत राहिले. १९७१ मध्ये कळलं की त्या बायकांच्या मुलींना तरुण वयात योनीमार्गाचा एक दुर्मीळ कॅन्सर होतोय. आजचं प्रोजेस्टेरॉन ते औषध नाही, वेगळं आहे, प्रॉमिस आणि प्रिझममध्ये बाळांना धोका दिसलेला नाही. पण कशासाठी हे विचारायची सवय का लावायची ते यावरून कळतं.

मे महिना आणि कॅप्सूल

हे कुठं लिहिलेलं सापडत नाही म्हणून सांगते. आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो. मी स्ट्रीप पर्समध्ये ठेवून नवी पेठेत खरेदीला गेले, परत येऊन बघते तर कॅप्सूल फॉइलला चिकटून चपट्या झालेल्या, एक सोलताना फुटून सगळं तेल बोटावर. स्कूटीच्या डिकीत, गॅसजवळच्या फडताळात, पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवू नका. स्ट्रीपवर किती तापमानाखाली ठेवायची ते छापलेलं असतं ते बघा, घरातली सगळ्यात गार जागा शोधा, फ्रीज वापरायचा तर डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारून, आणि बर्फाच्या कप्प्यात नाही. गावाहून, म्हणजे अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून येत असाल तर महिन्याचं औषध एकदम नेताना पाण्याच्या गार बाटलीला रुमालात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवा.

पैशाचं पण बोलू. या कॅप्सूल स्वस्त नाहीत आणि तीन महिने चालल्या तर घरात कुजबुज सुरू होते. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. सिव्हिलला, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, बायकांची ओपीडी आहे. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी असते, तिथं जा, पण डाग दिसला तर ९ तारखेची वाट बघत बसायचं नाही.

घरात काय

पलंगावर पडून राहिल्यानं गर्भ टिकतो याचा पुरावा नाही. थकवा असेल तर झोपा, पण भाकरी केली म्हणून गेलं असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मात्र मिश्री आणि तंबाखू खरंच सोडायला हवी, त्यानं बाळाचं वजन कमी होतं, पोटातच जाण्याचा धोका वाढतो. आपल्या शहरात घरोघरी विड्या वळल्या जातात, दिवसभर तंबाखूत हात आणि तीच धूळ नाकात, तर तपासणीला गेल्यावर हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. आणि शक्य असेल तर तेवढे महिने ते सूप दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर जाऊ द्या. मला माहितीय की त्या विड्यांवर घर चालतं, सहज सांगितल्यासारखं हे होत नाही, पण नवऱ्याच्या कानावर घाला.

कधी पळायचं

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय, पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, चक्कर येऊन पडलात, ताप आणि घाण वास. यातलं काहीही झालं तर गोळी घेऊन वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा, रात्र असली तरी, नवरा रात्रपाळीला असला तरी. शेजारणीला उठवा.

बंद कधी आणि कशी

सुरू करतानाच तारीख विचारून फाईलवर लिहून घ्या. प्लॅसेंटानं काम हातात घेतलं की याची गरज संपते, कुणाला १२ व्या आठवड्यात थांबवतात, कुणाला १६ व्या. कितीतरी जणी नवव्या महिन्यापर्यंत घेत बसलेल्या मी बघितल्यात, कारण कुणी थांबवाच म्हटलं नाही. माझ्या तिसऱ्या वेळेला परत डाग दिसला होता, यावेळी सगळं विचारून कॅप्सूल घेतल्या, १६ आठवड्यांना बंद केल्या. शेवटची ठेवली त्या रात्री मी झोपले नाही. मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. ती गोळीनं राहिली की अशीच राहणार होती हे एकट्या माझ्यावरून कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तर चार हजार बायका मोजाव्या लागतात.

आणि गेलंच तर

औषध घेऊनही जातं. गेलं तर ठोके थांबल्यावर कॅप्सूल चालू ठेवून उपयोग नाही, उलट गर्भाशय रिकामं व्हायला उशीर होऊ शकतो, कधी थांबवायच्या ते विचारा. पडलेला भाग गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवता येतो, खर्च येतो, पण दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा असेल तर विचारून बघा.

दोनदा किंवा जास्त गेलं असेल तर पुढच्या वेळी थेट गोळीवर न जाता आधी तपासण्या. थायरॉइड, शुगर, गर्भाशयाचा आकार, आणि एपीएलए म्हणजे रक्तात गाठी करणाऱ्या अँटीबॉडीज. ही शेवटची पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी परत करायची असते, आणि खरीच निघाली तर उपाय हार्मोन नाही, कमी डोसची अॅस्पिरिन आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिनचं इंजेक्शन आहे. माझं थायरॉइड निघालं, इतके दिवस कुणी बघितलंच नव्हतं.

नोकरी करत असाल तर हे बहुतेकींना माहिती नसतं: मातृत्व लाभाच्या कायद्यानं (आधी १९६१ चा, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) गर्भपात झाल्यावर सहा आठवडे पगारी रजा मिळते. दवाखान्यातून तारीख टाकलेला दाखला मागून घ्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या दोन दोन झेरॉक्स काढा, एक ऑफिसला द्यायला आणि एक घरच्या फाईलला. ती फाईल पुढच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशीच दाखवायची आहे, फेकू नका, बघवत नसली तर कपाटात सगळ्यात खाली ठेवा.